खूण पटली पाहिजे

वस्तू समोर असली आणि हात मोकळा असला, तर ती दुसऱ्याला दाखवून देण्यासाठी शब्द लागत नाहीत, बोट पुरते. परंतु वस्तू भिंतीपलीकडे असली, ऐकणारा फोनवर असला, यंत्रांच्या गोंगाटात ओरडून सांगायचे असले, किंवा सांगायची गोष्ट कालची अथवा उद्याची असली, की बोटाचे काम जिभेवर येऊन पडते. अशा वेळी एखादी वस्तू, जागा, वेळ किंवा व्यक्ती दुसऱ्याच्या ध्यानात आणून देण्यासाठी आपण जे शब्द वापरतो, त्यांना आम्ही येथे 'खुणेचे शब्द' म्हणणार आहोत. 'खूण पटणे' हा आपल्या भाषेतला जुना आणि मोठा नेमका वाक्प्रचार आहे. खूण सांगतो एक आणि ती पटते दुसऱ्याला. सांगण्याचे काम सांगणाऱ्याच्या तोंडी संपत नाही. ते ऐकणाऱ्याच्या मनात पुरे होते.

विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. व्याख्यानाला येणाऱ्या सुजाण मंडळींना 'वस्तूचे नाव कसे घ्यावे' हे काय सांगायचे, असेही कोणी म्हणेल. आम्ही भाषाशास्त्राचे पंडित नव्हे. आमची शाळा अर्ध्यावर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर झाले. पण तीस वर्षे कामगारांत संघटनेचे काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. पुष्कळशी भांडणे मतभेदातून होतात हे खरे. परंतु काही भांडणे, आणि काही अपघातसुद्धा, एवढ्यासाठीच होतात, की एकाने 'ती' म्हटले आणि दुसऱ्याने दुसरीच 'ती' घेतली. तेव्हा बोलणारा माणूस खुणेचे शब्द कसे निवडतो, ते कोठे फसतात आणि फसू नयेत म्हणून काय करावे लागते, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एक वस्तू, अनेक नावे

पहिली गोष्ट अशी, की वस्तूला तिचे असे एकच नाव नसते. दारातले झाड घ्या. वाटसरूला सावली हवी असते, त्याला आपण 'त्या झाडाखाली बसा' म्हणतो. मुलांना 'आंब्यावर चढू नका' म्हणतो. बागाईतदाराला सांगताना मात्र 'पायरी यंदा चांगला मोहरला आहे' असे म्हणतो. झाड तेच, पण ऐकणाऱ्याला त्याचे काय करायचे आहे यावर शब्द ठरतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी १९५८ साली नेमका हाच प्रश्न एका निबंधात विचारला होता: वस्तूला कोणत्या नावाने हाक मारावी? मोठी माणसे लहान मुलाला नाव सांगताना जे नाव निवडतात, ते त्या मुलाच्या व्यवहाराला उपयोगी पडेल असे असते, हे त्यांनी दाखवून दिले. मुलाच्या हातात नाणे दिले तर आई 'पैसे आहेत, तोंडात घालू नको' म्हणते. ते कोणत्या सालचे, कोणत्या टांकसाळीचे, हे त्या मुलाच्या कामाचे नसते. नाणी जमवणाऱ्या गृहस्थाला मात्र 'पैसे' म्हटल्याने काहीच सांगितल्यासारखे होत नाही.

पुढे १९७६ साली एलेनर रॉश आणि त्यांचे सहकारी यांनी यात भर घातली. माणसाच्या बोलण्यात एक मधली पायरी असते आणि साधारणतः तो त्याच पायरीवरचा शब्द उचलतो. पाहुणा आला की आपण 'खुर्ची आण' म्हणतो. 'फर्निचर आण' असेही म्हणत नाही आणि 'सागवानी, हातांची, वेताने विणलेली खुर्ची आण' असेही म्हणत नाही. खुर्ची म्हटले की पुरते. पण खोलीत दोन खुर्च्या असतील तर? तेथून खरा प्रश्न सुरू होतो.

शब्द ठरतो शेजाऱ्यांवरून

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ओल्सन यांनी १९७० साली एक अगदी सोपे उदाहरण मांडले. लाकडाचा एक लहान, पांढरा, गोल ठोकळा आहे आणि त्याच्याखाली एक चांदणी दडवली आहे. चांदणी कोठे आहे हे दुसऱ्याला सांगायचे. शेजारी काळा गोल ठोकळा असला, तर सांगणारा 'पांढऱ्याखाली' म्हणतो. शेजारी पांढरा चौकोनी ठोकळा असला, तर 'गोलाखाली' म्हणतो. आणि शेजारी काळा गोल, पांढरा चौकोनी, काळा चौकोनी असे तिन्ही असले, तर 'गोल पांढऱ्याखाली' म्हणावे लागते. ठोकळा तोच आणि चांदणीही तीच. शब्द मात्र तीन प्रकारचे झाले. म्हणजे आपण वस्तूचे वर्णन करीत नसतो; आपण तिला तिच्या शेजाऱ्यांपासून वेगळे काढीत असतो.

आपल्या मराठीत हे काम पुष्कळदा व्याकरणच परभारे करते. ओट्यावर तांब्या, वाटी आणि ताट असली तिन्ही भांडी असतील, तर 'तो दे', 'ती दे', 'ते दे' एवढ्यानेच काम भागते. तो म्हणजे तांब्या, ती म्हणजे वाटी आणि ते म्हणजे ताट. तीन लिंगांची भाषा शिकताना परभाषिक बिचारे मेटाकुटीस येतात. पण घरच्या माणसाला एका अक्षरात खूण पटते. वाट्या दोन झाल्या, की 'मोठी दे' म्हणायची पाळी येते, आणि दोन्ही मोठ्या असल्या की 'काठ चेपलेली' किंवा 'पितळेची'.

पुण्याच्या माणसाला तर हा न्याय वेगळा शिकवायला नको. गावात एकच मारुती असेल तर 'मारुतीच्या देवळापाशी या' म्हणणे पुरेसे. पुण्यात मारुती फार. म्हणून पत्र्या मारुती, डुल्या मारुती, जिलब्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती अशी नावे लोकांच्या तोंडी बसली. परगावचा माणूस ही नावे ऐकून हसतो. परंतु देवाची थट्टा करावी म्हणून ती पडलेली नाहीत. एक मारुती दुसऱ्यापासून वेगळा सांगण्याची लोकांची गरज त्यांत दिसते.

इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात संभाषणावर व्याख्याने दिली; त्यांतले एक १९७५ साली छापून आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: बोलताना प्रसंगाला हवे तेवढे सांगावे, कमी सांगू नये आणि जास्तही सांगू नये. नियम चांगला आहे. मात्र त्याचा अतिरेक करू नये. 'फडताळातली निळी बरणी आण' असे आपण म्हणतो तेव्हा फडताळात बरणी एकच असली, तरी 'निळी' हा शब्द वाया जात नाही. रंग डोळ्याला लवकर सापडतो, आणि शोधणाऱ्याचे कष्ट वाचतात. कारखान्यात प्राणवायूची टाकी काळी आणि ॲसिटिलीन वायूची मरून रंगाची ठेवतात, त्यामागे हाच विचार आहे. टाकीवरचे अक्षर पुसले गेले, अथवा वाचणाऱ्याला ते वाचता आले नाही, तरी रंग ओरडून सांगतो. सबब, जो जादा शब्द ऐकणाऱ्याचे कष्ट कमी करतो तो जादा नव्हेच.

ऐकणारा कोठे उभा आहे?

एवढ्यावर विषय संपता तर बरे होते. शेजारच्या वस्तू पाहाव्यात आणि वेगळा काढणारा शब्द वापरावा, बस्स. पण यात एक मोठी अडचण आहे. शेजारच्या वस्तू कोणाच्या नजरेने पाहायच्या? सांगणाऱ्याच्या की ऐकणाऱ्याच्या?

भाषेतले कितीतरी शब्द बोलणाऱ्याच्या जागेला खिळलेले असतात. उजवा-डावा, अलीकडचा-पलीकडचा, वरचा-खालचा, पुढचा-मागचा, हे सारे तसलेच. आमच्यासमोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला आम्ही 'उजव्या हाताचे दार' म्हटले, तर ते आमच्या उजव्या हाताचे की त्याच्या? ओढ्याच्या त्या तीरावरच्या माणसाला फोनवर 'पलीकडचा मळा' म्हटले, तर त्याने कोणता समजावा? जहाजावर काम करणाऱ्यांनी ही भानगड फार पूर्वी मिटवली. जहाजाच्या नाकाकडे तोंड केल्यावर जी बाजू उजवी येते तिला एक कायमचे नाव आणि डावी येते तिला दुसरे. खलाशी कोणत्याही दिशेला तोंड करून उभा असो, त्या नावांची बाजू बदलत नाही.

काळाचे शब्दही असेच. मराठीत 'परवा' हा एकच शब्द मागल्या दिवसालाही लागतो आणि पुढल्या दिवसालाही; क्रियापदाने उलगडा होतो. 'परवा सभा झाली' आणि 'परवा सभा आहे' यांत घोटाळा नाही. पण फलकावर नुसते 'परवाच्या सभेचा विषय' असे लिहिले, की झाली पंचाईत. शिवाय फलक कोणत्या दिवशी लिहिला हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून आम्ही नव्या कार्यकर्त्याला पहिली ताकीद देतो ती ही, की सूचनेत 'आज', 'उद्या', 'परवा' लिहायचे नाही. वार आणि तारीख लिहायची.

खूण जशी जागेला बांधलेली असते, तशी ती आठवणीलाही बांधलेली असते. पुण्यातला म्हातारा माणूस 'पुराच्या आधीचा वाडा' म्हणतो, तेव्हा दुसऱ्या म्हाताऱ्याला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर सांगावा लागत नाही. चाकणच्या कारखान्यात ओडिशातून आलेल्या तरुणाला त्या शब्दाने काय कळणार? मुंबईत तेच. एकाच स्थानकाला कोणी बोरीबंदर म्हणतो, कोणी व्ही. टी., आणि कोणी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिन्ही शब्द एकाच जागेची खूण पटवतात. कोणता वापरावा हे वाट विचारणारा कोण आहे यावर अवलंबून. दादर स्थानकात तर पश्चिम रेल्वेचे फलाट वेगळे मोजले जात आणि मध्य रेल्वेचे वेगळे. त्यामुळे 'दादरला एक नंबरवर भेटू' म्हणणारे दोन स्नेही दोन फलाटांवर एकमेकांची वाट पाहत उभे राहू शकत. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक देण्यात आले आणि पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले. आता एका क्रमांकाला एकच फलाट आहे. एवढ्या साध्या सुधारणेला इतकी वर्षे लागली, याचे कारण असे, की क्रमांक देणाऱ्याला आपापल्या कचेरीत बसून कधी घोटाळा जाणवत नसतो. तो जाणवतो पुलावर उभ्या असलेल्या उतारूला.

बोलणाऱ्याला घोटाळा का जाणवत नाही? एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विदुषीने १९९० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एक गमतीचा प्रयोग केला. काही जणांनी परिचित गाण्याची चाल टेबलावर बोटाने वाजवायची आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात सूर चालू असतो. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र नुसती टकटक पडते. आमच्या मते जगातल्या निम्म्या हुकमांची स्थिती या टकटकीसारखी आहे.

याचे इतिहासातले भयंकर उदाहरण २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लाव्हा येथे घडले. इंग्रजांचे सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच डोंगरकडेवर होते. बाजूच्या टेकड्यांवरच्या मोर्चांतून रशियन लोक आपण काबीज केलेल्या तोफा हलवीत आहेत असे त्यांना वरून दिसले. त्यांनी खाली घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन यांना लेखी हुकूम पाठवला, की घोडदळाने झटपट पुढे जावे आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. कोणत्या तोफा, ते हुकुमात नव्हते. रॅग्लन यांना त्या डोळ्यांसमोर दिसत होत्या. लुकन खाली खोऱ्यात उभे. त्यांना त्या तोफा दिसत नव्हत्या. त्यांना दिसत होती ती खोऱ्याच्या पार टोकाला सज्ज असलेली रशियन तोफांची रांग. त्यांनी हुकूम आणणाऱ्या कॅप्टन नोलन यांना विचारले, हल्ला कशावर करायचा? नोलन यांनी तुसड्या आवाजात, हात खोऱ्याच्या दिशेने मोघम फेकून, तेथे शत्रू आणि तेथे तोफा असे उत्तर दिले. सुमारे ६७० घोडेस्वार त्या खोऱ्यात शिरले. तिन्ही बाजूंनी तोफा-बंदुकांचा मारा झाला. शंभराहून अधिक माणसे मेली, आणखी कित्येक जखमी झाली. नोलन सुरुवातीलाच पडले. या हल्ल्याच्या शौर्याची गाणी झाली. आम्हांला मात्र त्यात दिसते ते एवढेच, की 'तोफा' हा शब्द वरून बोलला गेला आणि खालून ऐकला गेला. आणि खालच्याने 'कोणत्या?' असे विचारले, तेव्हा मधल्याने त्याचा पाणउतारा केला.

नाव दोघांचे होते

येथपर्यंत आम्ही बोलणारा आणि ऐकणारा वेगवेगळे धरले. प्रत्यक्षात चांगले संभाषण चालते तेव्हा खुणेचा शब्द दोघे मिळून घडवतात. हर्बर्ट क्लार्क आणि डिआना विल्क्स-गिब्स यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे पाहण्यासारखा आहे. दोन माणसे आडपडद्याने बसवली. दोघांजवळ चिनी कोड्यातल्या त्याच बारा वेड्यावाकड्या आकृत्या. एकाने शब्दांनी वर्णन करायचे आणि दुसऱ्याने आपल्या आकृत्या त्याच क्रमाने लावायच्या. असे सहा वेळा. पहिल्या खेपेला प्रत्येक आकृतीमागे सरासरी ४१ शब्द लागले. सहाव्या खेपेला सुमारे ८. प्रारंभी एका आकृतीला 'बर्फावर घसरणाऱ्या माणसासारखी, पण दोन्ही हात पुढे केलेली' असे लांबलचक म्हणणारा माणूस शेवटी 'तो घसरणारा' एवढेच म्हणू लागला. मधल्या वेळात ऐकणारा गप्प नव्हता. तो 'हं' म्हणत होता, 'पाय मागे असलेली का?' असे विचारत होता, स्वतःचे शब्द सुचवत होता. नाव आखूड झाले ते दोघांच्या संमतीने.

प्रत्येक धंद्याची बोली अशीच बनते. गिरणीत माग नव्हे, 'साचा' म्हणत. तो चालवणारा साचेवाला. फिटर 'चौदा-पंधरा दे' म्हणतो आणि मदतनीस बरोबर पाना काढून देतो. एकत्र काम केलेल्या माणसांचे दोन शब्द बाहेरच्याच्या वीस शब्दांचे काम करतात. ही कामगारांची कमाई आहे आणि तिचा आम्हांस अभिमान आहे.

पण तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाव दोघांचे होते, तेव्हा तिसरा बाहेर राहतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दोन प्रेस होते. जुने कामगार एकाला 'जुना' आणि दुसऱ्याला 'नवा' म्हणत. पंधरा वर्षे ही नावे सुखाने चालली. मग तिसरा प्रेस आला, आणि तो खरोखरच नवा. पण बोलण्यातल्या 'नव्या'चे नाव काही बदलले नाही. एका पाळीत दोन दिवसांपूर्वी लागलेल्या कंत्राटी मुलाला सांगण्यात आले, 'नव्याचा साचा पुसून घे, तो बंद आहे.' बंद होता तो बोलण्यातला नवा. पोराने हात घातला तो खऱ्या नव्या प्रेसमध्ये. दोन बोटे गेली. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले गेले: 'कामगाराचा निष्काळजीपणा.' संघटनेने त्या शब्दावर आक्षेप घेतला. त्याला कोणता प्रेस सांगितला होता, आणि तो शब्द त्याला कळण्याचा काय मार्ग होता, एवढा एकच प्रश्न आम्ही लावून धरला. त्या मुलाने तर सांगितलेल्या शब्दाचा सरळ अर्थ घेतला होता. अखेर सर्व यंत्रांवर दोन्ही बाजूंनी दिसतील असे हातभर उंचीचे आकडे रंगवले गेले आणि दुरुस्तीचा हुकूम आकड्यानेच द्यायचा असे ठरले. रंगाचा खर्च किरकोळ होता. बोटे मात्र परत आली नाहीत.

'कोणता?' विचारण्याचा हक्क

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या मुलाने 'कोणता नवा?' असे का विचारले नाही? आम्ही त्याला इस्पितळात हे विचारले. तो म्हणाला, 'साहेब, दुसऱ्याच दिवशी विचारलं तर म्हणतील, याला काही येत नाही.' या एका वाक्यात खुणेच्या शब्दांचे सारे समाजशास्त्र आहे. वरच्याने मोघम बोलावे, खालच्याने अंदाज बांधावा, आणि अंदाज चुकला तर दोष खालच्याचा, ही रीत जेथे असते, तेथे शब्द कितीही असोत, खूण पटत नाही.

विमानसेवेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुके होते. दोन प्रचंड विमाने, एक डच आणि एक अमेरिकन, एकाच धावपट्टीवर होती. अमेरिकन विमानाने डावीकडच्या तिसऱ्या वाटेने धावपट्टी सोडावी असे नियंत्रकाने सांगितले. 'तिसरी' म्हणजे नेमकी कोणती, याची वैमानिकांना खात्री वाटेना, त्यांनी विचारले. नियंत्रकाने एक, दोन, तीन असे मोजून तोच शब्द पुन्हा सांगितला. पण कोठून मोजायचे, हाच तर प्रश्न होता. शिवाय तिसरी वाट जवळजवळ उलट दिशेने वळणारी, एवढ्या मोठ्या विमानाला अवघड. विमान ती वाट ओलांडून चौथीकडे चालले होते. दरम्यान डच विमानातून एक वाक्य गेले, त्याचा अर्थ 'आम्ही उड्डाणासाठी सज्ज आहोत' असाही लागत होता आणि 'आम्ही उड्डाण करीत आहोत' असाही. डच विमानातल्या इंजिनियराला शंका आली. त्याने विचारले, ते अमेरिकन विमान अजून पट्टीवरून गेले नाही का? कप्तान त्या कंपनीतला फार ज्येष्ठ वैमानिक. गेले आहे, असे त्याने ठासून उत्तर दिले. इंजिनियर पुढे बोलला नाही. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली.

मुख्य कारण डच विमानाने परवानगी न मिळता धाव घेतली हे होते, ते आम्ही लपवीत नाही. परंतु त्यानंतर जगभरच्या विमानसेवांनी ज्या सुधारणा केल्या, त्या आपल्या विषयाच्या आहेत. 'उड्डाण' या अर्थाचा इंग्रजी शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीसाठीच राखून ठेवला गेला. एरवी दुसरा शब्द वापरायचा. नुसते 'ठीक आहे' म्हणून न थांबता, मिळालेला हुकूम महत्त्वाच्या शब्दांनिशी परत म्हणून दाखवायचा यावर भर आला. आणि पुढील वर्षांत वैमानिकांच्या शिक्षणात एक नवी गोष्ट शिरली: कनिष्ठाने शंका बोलून दाखवली पाहिजे आणि ज्येष्ठाने ती ऐकून घेतली पाहिजे. यातल्या शेवटच्या गोष्टीला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो. शब्द राखून ठेवता येतात, आकडे रंगवता येतात, पण 'कोणता?' हा प्रश्न विचारण्याची मोकळीक माणसांनी माणसांना द्यावी लागते.

माणसाची खूण

वस्तूंबद्दल बोललो, माणसांबद्दल दोन शब्द बोलून आवरते घेतो. एका खात्यात तीन पांडुरंग असले, की खूण सांगावी लागते. तेव्हा कोणी 'कणकवलीचा पांडुरंग' म्हणतो, कोणी 'लेथवरचा पांडुरंग' म्हणतो, आणि कोणी 'तो लंगडा पांडुरंग' म्हणतो. तिन्ही शब्दांनी माणूस सापडतो. ग्राइससाहेबांच्या नियमात तिन्ही बसतात. तरीही तिन्ही सारखे नाहीत. पांडुरंग समोर असता जो शब्द आपण उच्चारणार नाही, तो त्याच्या पाठीमागेही खुणेसाठी वापरू नये, हा आमचा साधा नियम आहे. माणसाच्या शेकडो गोष्टींतून आपण खुणेसाठी एक उचलतो; त्याचे व्यंग, त्याची जात, त्याचा परप्रांत हेच उचलले, तर आपण त्याला ओळखण्याबरोबर त्याची किंमतही ठरवीत असतो. त्याचे काम उचलले, तर खूणही पटते आणि मानही राहतो.

आणि नावाने माणूस सापडतो तसा तो लपवताही येतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कोणाला म्हणावे याची व्याख्या होती, आणि काही देखरेख करणारे अधिकारी तिच्याबाहेर होते. झाले, यंत्र चालवणाऱ्याच्या नेमणूकपत्रात 'सुपरवायझर' असा हुद्दा घालण्याची युक्ति काही मालकांना सापडली. न्यायालयांनी मात्र वारंवार सांगितले, की हुद्द्याचे नाव पाहायचे नाही, प्रत्यक्ष काम पाहायचे. येथेही न्याय तोच: शब्द कागदावर काय म्हणतो ते नव्हे, तो कोणाकडे बोट दाखवतो ते पाहावे.

तात्पर्य, चार गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. खुणेचा शब्द निवडताना वस्तू ऐकणाऱ्याच्या जागेवरून पाहावी. जेथे चूक महागात पडते तेथे 'हा-तो', 'जुना-नवा', 'आज-उद्या' यांवर न विसंबता सर्वांचा मिळून एक आकडा, एक रंग किंवा एक राखीव शब्द ठरवावा. सांगून झाल्यावर 'कळले ना?' असे विचारू नये, कारण त्याला सारे जण 'हो' म्हणतात. 'कोणता सांगितला ते म्हणून दाखव' असे विचारावे. आणि आपल्याला कोणी उलट 'कोणता?' असे विचारले, तर त्याला मंद समजू नये. तो आपले काम पुरे करीत असतो. घरात सूनबाईने विचारले, वर्गात मुलाने विचारले, इस्पितळात परिचारिकेने डॉक्टरांना विचारले, यंत्रावर नव्या पोराने विचारले, तर तेवढ्या क्षणापुरता हातातले काम थांबवून नीट उत्तर देण्याची सवय आपण सर्वांनी लावून घेतली पाहिजे.